पाठवलेले आणि शिकवलेले

महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत आज एकच वर्ग दोन ठिकाणी भरतो. एका वर्गाला खोली क्रमांक असतो, फळा असतो, हजेरीपट असतो आणि तास संपल्याची घंटा असते. दुसरा वर्ग प्रत्येकाच्या फोनमध्ये, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असतो. त्याला 'एस.वाय. अर्थशास्त्र' असे काहीतरी नाव असते, विषयशिक्षक त्याचा ॲडमिन असतो आणि तो रात्री अकरालाही चालू असतो. सूचना, वेळापत्रकातले बदल, नोट्स, प्रश्नसंच, प्रकल्प जमा करण्याच्या तारखा, परीक्षा अर्जाची मुदत, शिष्यवृत्तीची लिंक असे सगळे या दुसऱ्या वर्गात येऊन पडते, आणि जसजसा त्याच्यावरचा भार वाढत गेला तसतशी पहिल्या वर्गातली बाके रिकामी होत गेली. फोनमुळे मुलांचे लक्ष उडते ही तक्रार खरी आहे, पण ती पुष्कळदा मांडून झाली आहे. मला त्याहून गंभीर वाटते ती दुसरीच गोष्ट. महाविद्यालये, शिक्षक आणि विद्यापीठे या सर्वांनी मिळून जे पाठवले ते शिकवले असे मानायला सुरुवात केली आहे, आणि विद्यार्थ्यांनीही जे मिळाले ते समजले असे धरून चालायला. उच्च शिक्षणातला हा बदल कोणी ठराव करून आणला नाही, म्हणूनच तो थांबवण्याची जबाबदारीही कोणाकडे नाही.

हा रोग फोनने आणला असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्याकडे नोट्स उतरवून देण्याची पद्धत जुनी आहे. मागच्या पिढीतले कित्येक प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वर्षानुवर्षे तेच परिच्छेद सांगत आले आणि मुले ते लिहून घेत आली. परीक्षेच्या तोंडावर गाईड निघत, महाविद्यालयाच्या फाटकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कोणा हुशार मुलीच्या वहीच्या प्रती निघत, आणि 'आयएमपी' प्रश्नांची यादी हातोहात फिरत असे. परीक्षाच अशा होत्या की त्यांना हे सगळे पुरत असे. तरीही त्या सगळ्या व्यवहारात थोडे तरी श्रम होते. लिहून घेताना वाक्य एकदा कानातून आणि एकदा हातातून जात असे. झेरॉक्ससाठी पैसे मोजावे लागत, म्हणून कोणती पाने घ्यायची हे निदान ठरवावे लागे, आणि ते ठरवण्यासाठी पाने चाळावी लागत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला, आणि दोन-तीन वर्षांत खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या हातातही दिवसभर चालणारे इंटरनेट आले. तेव्हापासून हे उरलेसुरले श्रमही गळून पडले. आता संपूर्ण अभ्यासक्रमाची पीडीएफ एका स्पर्शात येते, एका स्पर्शात पुढे जाते, आणि बहुतेक वेळा कोणीही न उघडता हजार फोनमध्ये साठून राहते.

मार्च २०२० नंतर जे झाले त्याबद्दल शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल. टाळेबंदीत हातात जे होते ते घेऊन त्यांनी काम केले. ज्यांना कधी कॅमेऱ्यापुढे बोलायची सवय नव्हती त्यांनी घरातल्या भिंतीला फळा टेकवून तास घेतले. मुलांनी कोकणात आणि विदर्भात नेटवर्क मिळेल अशा टेकड्या शोधल्या. घरात एकच फोन असलेल्या भावंडांनी तो वाटून घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुतांशी बहुपर्यायी प्रश्नांच्या आणि घरून देता येतील अशा झाल्या. त्या परिस्थितीत तेही समजण्यासारखे होते. समजण्यासारखे नव्हते ते त्यानंतरचे. ऑक्टोबर २०२१ मध्ये महाविद्यालये पुन्हा उघडू लागली तेव्हा संकटकाळातल्या कोणत्या सोयी ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या याचा विचार कुठेही गंभीरपणे झाला नाही. अभ्यासमंडळांनी तो केला नाही, विद्या परिषदांनी केला नाही आणि आम्ही शिक्षकांनीही आमच्या विभागांच्या बैठकांत तो विषय काढला नाही. त्यामुळे नाइलाजाने स्वीकारलेल्या सगळ्याच सोयी कायम झाल्या, आणि पुढे आलेल्या मुलांना महाविद्यालय म्हणजे असेच असते असे वाटू लागले.

हे जवळून कसे दिसते ते सांगतो. अर्थशास्त्राच्या एका तासाला मी फळ्यावर मागणीचा वक्र काढला, त्याच्या बाजूला तक्ता मांडला आणि किंमत बदलली की वक्रावरचा बिंदू सरकतो, पण उत्पन्न बदलले की वक्रच सरकतो, हा फरक समजावून सांगितला. मुले ऐकत होती. मी बाजूला झालो तसे चार-पाच हात वर आले. ते प्रश्न विचारण्यासाठी नव्हते, फळ्याचा फोटो घेण्यासाठी होते. बाकीच्यांनी फोटोही काढला नाही, कारण तो ग्रुपवर येणारच होता. त्या वक्राची आकृती वहीत स्वतः काढणारा विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडखळतो, कोणत्या अक्षावर किंमत आणि कोणत्या अक्षावर नग याचा त्याचा गोंधळ होतो, आणि तो गोंधळ सुटतो तेव्हाच त्याला ती आकृती कळलेली असते. फोटो काढणाऱ्याचा गोंधळ होत नाही. तो परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत पुढे ढकलला जातो, आणि त्या वेळी विचारायला कोणी नसते. म्हणून मी आता फोटो काढू देत नाही. आकृती आधी वहीत उतरते, मग मी बाकांमधून फिरून ती पाहतो. त्यात वेळ जातो आणि अभ्यासक्रम मागे पडतो, हे मला मान्य आहे.

ग्रुपवर शंका विचारता येतात, असे या व्यवस्थेच्या बाजूने सांगितले जाते. माझा अनुभव वेगळा आहे. शंभर-सव्वाशे जणांच्या ग्रुपवर जे विचारले जाते ते असे असते: 'सर, उद्याचा पेपर किती वाजता?', 'सर, दुसऱ्या युनिटची पीडीएफ टाका ना', 'सर, असाइनमेंटची लास्ट डेट वाढेल का?' पेपरच्या वेळेची सूचना दुपारीच दिलेली असते, पण तिच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि 'ओके सर' यांचे थर चढलेले असतात. 'मला हे समजले नाही' असे लिहिणारा विद्यार्थी विरळाच, कारण ते लिहिलेले राहते, सर्वांना दिसते आणि त्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्या, शिक्षक नसलेल्या ग्रुपवर जाऊ शकतो. वर्गात हेच वेगळ्या रीतीने घडते. तिथे समजले नाही हे सांगावे लागत नाही. मागच्या बाकावरच्या मुलीच्या कपाळावरची आठी दिसते, एखाद्याचे पेन थांबलेले दिसते, आणि शिकवणारा माणूस मागे वळून तेच दुसऱ्या उदाहरणाने सांगतो. त्याच्याकडे दुसरे उदाहरण तयार नसेल तर ते तो तिथेच शोधतो. शिकवणे म्हणतात ते मुख्यतः या दुरुस्तीलाच. पाठवलेल्या मजकुराला ती करता येत नाही. निळ्या खुणा दोन उमटल्या म्हणजे संदेश पाहिला गेला एवढेच कळते.

दूर राहून शिकवता येतच नाही असे माझे म्हणणे नाही. उलट, महाराष्ट्राला त्याचा चांगला अनुभव आहे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रा. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. त्या विद्यापीठाचे विद्यार्थी नोकरी करणारे, संसारातल्या बायका, शिक्षण सुटून बरीच वर्षे झालेले असे होते, म्हणून पुस्तक घरी पोचवले की काम संपले असे मानून चालणारच नव्हते. पुस्तकेच वेगळ्या पद्धतीने लिहावी लागली. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, भाषा एकट्याने वाचणाऱ्याला उद्देशून, दर काही पानांनी वाचकाला थांबवून विचारलेले स्वयंअध्ययनाचे प्रश्न आणि पडताळून पाहायला त्यांची उत्तरे, असा त्यांचा घाट ठरला. शिवाय गावोगावी अभ्यासकेंद्रे आणि तिथे भेटून मार्गदर्शन करणारे शिक्षक, म्हणजे समंत्रक होते. म्हणजे ज्यांना अंतरावरून शिकवायचे होते त्यांनी अंतर गृहीत धरून, ते कुठे कुठे आडवे येते याचा विचार करून व्यवस्था उभी केली. आजच्या नियमित महाविद्यालयांची अडचण अशी आहे की ती नकळत अर्धी दूरशिक्षण संस्था झाली आहेत, पण त्यांनी दूरशिक्षणाची शिस्त घेतलेली नाही आणि प्रत्यक्ष वर्गाची शिस्त सोडलेली आहे. फोनवर जी पीडीएफ जाते ती कोणा एकट्याने वाचणाऱ्यासाठी लिहिलेली नसते. ती कधी कुणाच्या पॉवरपॉइंटची असते, कधी एखाद्या संदर्भग्रंथाची तिरपी स्कॅन केलेली पाने असतात, कधी दुसऱ्याच विद्यापीठाच्या जुन्या अभ्यासक्रमाच्या नोट्स असतात. वाचणारा कुठे अडेल याचा विचार तिच्यात कोणी केलेला नसतो.

या सततच्या जोडणीचा लाभ कोणाला होतो, हेही तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे, कारण फोनबंदीची मागणी करणारे बहुधा अशा विद्यार्थ्यांना विसरतात. एसटीच्या पासवर वीस-पंचवीस किलोमीटरवरून येणाऱ्या मुलीची गाडी चुकली की पहिले दोन तास जातात. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत किंवा कापूस वेचणीच्या वेळी घरच्या शेतात राबणारी मुले आठवडाभर येत नाहीत. रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसणारे आहेत, 'कमवा व शिका' योजनेत काम करून शिकणारे आहेत, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या पण पदवी पूर्ण करायची जिद्द धरणाऱ्या मुली आहेत. यांच्यासाठी ध्वनिमुद्रित तास आणि फोनवर आलेल्या नोट्स म्हणजे शिक्षणात टिकून राहण्याचे साधन आहे. पूर्वी अशी मुले दुसऱ्या वर्षाला गळत आणि त्यांची नोंदही कोणी घेत नसे. त्यांच्या हातातून हे साधन काढून घ्यावे असे मी कधीही म्हणणार नाही. त्यांना जे पाठवायचे ते त्यांच्यासाठी म्हणून तयार केलेले असावे, आणि ती मुले परत आली की त्यांना तासाभराची तरी प्रत्यक्ष भेट मिळावी, एवढीच माझी मागणी आहे.

ज्ञानसाधनांच्या बाबतीत तर ही जोडणी क्रांतिकारक आहे. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाचे ग्रंथालय म्हणजे काही कपाटे क्रमिक पुस्तकांची, काही कथा-कादंबऱ्यांची आणि एक स्पर्धा परीक्षांचे. काही संदर्भ हवा असला की पुण्याला विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात किंवा मुंबईला जाणे भाग असे, आणि ते पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही परवडत नसे. आज वाईला सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी फोनवर फुकट वाचता येतात. देशभरच्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात उघडे आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून मंजूर केली. तिच्यातून आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना वाचता यावीत असा हेतू आहे. या सगळ्याचा उपयोग आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण करतात? ज्याच्या फोनमध्ये रोज दीड-दोन जीबी डेटा असतो तो विद्यार्थी 'शोधगंगा' हे नावही न ऐकता पदवीधर होतो. त्याच्यापर्यंत दारे उघडून ठेवली गेली, पण आत कसे जायचे, काय शोधायचे, सापडले ते विश्वासार्ह आहे की नाही हे कसे ठरवायचे, याचे शिक्षण कोणत्याही ग्रुपवर पाठवता आले नाही.

जे शक्य आहे ते कसे असते याचेही एक उदाहरण देतो. श्रमशक्तीवरचा घटक शिकवताना मी वर्गात सर्वांना फोन काढायला सांगितले आणि २०११ च्या जनगणनेतली आपापल्या गावाची माहिती शोधायला लावली. जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावाची कुटुंबसंख्या, साक्षर, काम करणारे, त्यातले शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर असे आकडे असतात. बराच वेळ नुसता गोंगाट झाला, कारण कोणाच्या फोनवर फाइल उघडेना, कोणाला गावाचे नाव इंग्रजी स्पेलिंगमुळे सापडेना. मग एकेकाला आपले गाव सापडू लागले. एका मुलीने विचारले, 'सर, आमच्या गावात काम न करणाऱ्या बायका इतक्या कशा? आमच्याकडे घरी बसलेली बाई मला तरी माहीत नाही.' मी तिला आधी व्याख्या शोधायला सांगितली. वर्षात सहा महिने किंवा अधिक काम केले तर मुख्य कामगार, त्याहून कमी केले तर सीमांतिक, आणि स्वयंपाकपाणी, मुलांचे करणे, घरातली झाडलोट हे जनगणनेच्या हिशेबात कामच नाही, हे तिने मोठ्याने वाचले. त्यानंतरचा तास माझ्या हातात राहिला नाही. पेरणी आणि खुरपणीला जाणाऱ्या आईचे महिने मुले बोटांवर मोजू लागली. प्रगणकाने प्रश्न घरातल्या पुरुषाला विचारला असेल तर उत्तर काय दिले गेले असेल, असे एकाने विचारले. दुसऱ्याने सांगितले की त्याची आजी स्वतःच 'मी काही करत नाही' म्हणाली असती.

त्या तासाला इंटरनेट नसते तर ती माहिती वर्गात आली नसती. वर्ग नसता तर तो प्रश्न आला नसता. तीच पुस्तिका मी आदल्या दिवशी ग्रुपवर पाठवली असती तर ती इतर पीडीएफांच्या खाली गडप झाली असती, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण त्याआधी मी पाठवलेल्या पुष्कळ गोष्टींचे तेच झाले आहे. जोडणी उपयोगी पडली ती एका ठरावीक वेळी, एका ठरावीक प्रश्नासाठी, आणि चुकले तर लगेच थांबवणारे कोणी समोर असताना. तास संपल्यावर फोन पुन्हा पिशवीत गेले.

स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारे यूट्यूबवरचे मराठी शिक्षक हा या विषयातला वेगळाच भाग आहे, आणि महाविद्यालयीन प्राध्यापकांनी त्यांच्याकडे तुच्छतेने पाहू नये असे मला वाटते. त्यांच्यातले काही जण राज्यघटना, भूगोल किंवा अर्थव्यवस्था अतिशय स्वच्छ मराठीत समजावून देतात. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांना पहिल्यांदा विषयाची गोडी लागली ती तिथे. त्यांनी महाविद्यालयाचा तास बुडवून तो व्हिडिओ पाहिला असेल तर आपल्या तासात काय उणे आहे हे आपण तपासले पाहिजे. मात्र तो शिक्षक ज्या परीक्षेसाठी शिकवतो तिच्यात एका प्रश्नाला चार पर्याय असतात आणि त्यातला एकच बरोबर असतो. ज्या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे आहेत, किंवा ज्याचे उत्तर अजून कोणालाच नीट देता आलेले नाही, तो प्रश्न त्याच्या कामाचा नसतो. विद्यापीठाचे काम तिथून सुरू व्हायला हवे. व्हिडिओत जे उत्तम समजावले आहे तेच वर्गात कमी चांगले समजावत बसण्यापेक्षा ते घरी पाहायला सांगावे आणि वर्गातला वेळ वादाला, लेखनाला आणि चुका दुरुस्त करायला ठेवावा.

लेखनाचा विषय निघाला म्हणून सांगायला हवे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर अंतर्गत मूल्यमापनासाठी घरून लिहून आणायच्या असाइनमेंटला काही अर्थ उरला नाही. आधीच तिथे मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याची जर्नल उतरवून काढण्याची रीत होती. आता उतरवण्याचेही कारण नाही. गुळगुळीत, कुठेही न अडणारी मराठी समोर येते आणि तिच्यात एकही वाक्य असे नसते की जे या विद्यार्थ्याचेच आहे. कोण मशीनकडून लिहून घेतो याचा पोलिसी तपास करण्यात शिक्षकांचा वेळ जावा हे मला मान्य नाही, कारण त्या तपासात संशय हाच वर्गातला मुख्य संबंध होऊन बसतो. उपाय सोपा आहे, पण वेळखाऊ आहे. वर्गात, समोर बसून, कागदावर एक पान लिहून घ्यावे आणि ते वाचून विद्यार्थ्याला दहा मिनिटे त्याबद्दल बोलते करावे. शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गाला एकच शिक्षक असेल तर हे होणे शक्य नाही, आणि सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच पडलेली आहे.

महाराष्ट्रात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले, पीएच.डी. झालेले हे लोक दर तासाच्या मानधनावर काम करतात. सुट्टीच्या महिन्यांत त्यांना काही मिळत नाही आणि पुढच्या जूनमध्ये नेमणूक होईल की नाही हे माहीत नसते. त्यांना पैसे मिळतात वर्गात घेतलेल्या तासाचे, आणि महाविद्यालय त्यांना वापरते दिवसाचे चोवीस तास. रात्री दहाला विद्यार्थ्यांचे प्रश्न, सकाळी सातला प्राचार्यांच्या ग्रुपवर 'तातडीने माहिती भरा' असा गुगल फॉर्म, रविवारी महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या कामासाठी जिओटॅग केलेल्या, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोंची मागणी. या कशाचीही नोंद मानधनाच्या बिलात होत नाही. कायम शिक्षकांची स्थिती पगाराच्या बाबतीत सुरक्षित आहे, पण वेळेच्या बाबतीत फार वेगळी नाही. व्याख्यान चालू असताना अर्ध्यातून थांबून, दीपप्रज्वलनापासून आभारप्रदर्शनापर्यंतचे फोटो अक्षांश-रेखांशांसह काढले गेले की नाही हे पाहावे लागते, कारण कार्यक्रम झाला याचा पुरावा तोच. मुले फोनमध्ये असतात अशी तक्रार करणारे आम्ही तास चालू असताना फोनकडे का पाहतो, याचे उत्तर या मागण्यांत आहे.

पाठवले की झाले, ही समजूत केवळ वर्गापुरती राहत नाही हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये भोगले. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या असा निर्णय झाला. कल्पना वाईट नव्हती. पण लाखो उत्तरपत्रिकांसाठी यंत्रणा आणि शिक्षकांची तयारी पुरेशी नसताना ती एकदम अमलात आणली गेली. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालूनही निकाल लागले नाहीत, ते महिनोन्‌महिने रेंगाळले, पुढील शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्या मुलांचे प्रवेश अडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. उत्तरपत्रिका परीक्षकाच्या पडद्यावर पोहोचणे आणि ती वाचली जाणे यांच्यामध्ये एक माणूस असतो आणि त्याला वेळ लागतो, हे त्या नियोजनात धरलेलेच नव्हते.

तीच चूक आता धोरणाच्या पातळीवर होईल अशी मला भीती वाटते. केंद्राचे 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये औपचारिकपणे सुरू झाले. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक (क्रेडिट) 'स्वयम्'वरून घेण्याची मुभा दिली आहे. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा २० टक्के होती. ज्या महाविद्यालयात एखाद्या विषयाचा शिक्षकच नाही तिथल्या विद्यार्थ्याला आयआयटीतल्या प्राध्यापकाकडून तो विषय ऐकता यावा, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण 'स्वयम्'वर नाव नोंदवणारे पुष्कळ आणि परीक्षेपर्यंत पोहोचणारे थोडे, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तिथले बरेचसे चांगले साहित्य इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून आलेला प्रथम वर्षाचा विद्यार्थी त्यासमोर एकटा बसला तर दुसऱ्या आठवड्यात उठून जाणार. त्याच्याबरोबर बसून, व्हिडिओ मध्येच थांबवून, मराठीत बोलणारा शिक्षक असेल तरच ते ४० टक्के त्याच्या पदरात पडतील. रिक्त जागा भरण्याचे टाळून त्या जागी 'स्वयम्'ची लिंक पाठवण्याचा मोह संस्थाचालकांना आणि शासनाला होणार, आणि तो आकड्यांत चांगला दिसणार, म्हणून त्याला आत्ताच विरोध केला पाहिजे.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार जी श्रेयांक पद्धती आली आहे तिच्यात एक गोष्ट कागदावर स्पष्ट आहे. व्याख्यानाच्या एका श्रेयांकासाठी सत्रात पंधरा तासांचे प्रत्यक्ष अध्यापन अपेक्षित आहे, म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला साठ तास. हे साठ तास खरोखर होतात का, हे तपासण्याचा आग्रह आता शिक्षक संघटनांनी, विद्यार्थी संघटनांनी आणि पालकांनी धरावा असे मला वाटते. अभ्यासमंडळांनी लिहून ठेवावे की ग्रुपवर पाठवलेले साहित्य, ध्वनिमुद्रण किंवा लिंक यांची गणना या तासांत होणार नाही. विषयांचे ग्रुप केवळ सूचनांसाठी असावेत, त्यांवर फक्त शिक्षकांना लिहिता यावे आणि संध्याकाळनंतर ते बंद राहावेत. शंका वर्गात किंवा शिक्षकांच्या ठरलेल्या भेटीच्या वेळेत विचारल्या जाव्यात. ज्यांना प्रत्यक्ष येता येत नाही अशा विद्यार्थ्यांची यादी प्रत्येक विभागाने सत्राच्या सुरुवातीलाच करावी आणि त्यांच्यासाठीचे साहित्य मुक्त विद्यापीठाच्या धर्तीवर, थांबे आणि प्रश्न घालून, मराठीत लिहावे. असे लेखन हे अध्यापनाचेच काम मानून त्याचा कार्यभार मोजला जावा. प्रथम वर्षाच्या पहिल्या महिन्यात ग्रंथपालांनी विश्वकोश, 'शोधगंगा' आणि जनगणनेची संकेतस्थळे कशी वापरायची याचे तास घ्यावेत, आणि ते वेळापत्रकात असावेत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना वर्गाबाहेरच्या कामाचे मानधन मिळावे, आणि ते देता येत नसेल तर तसे काम त्यांच्याकडून मागू नये. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, की नवी यंत्रसामग्री. विभागाच्या जूनमधल्या पहिल्या बैठकीत, वेळापत्रक ठरवताना, त्या विषयपत्रिकेवर घेता येतील.